वराडकर, लिओ

वराडकर, लिओ एरिक : (१८ जानेवारी १९७९ – ). आयर्लंडमधील राजकारणी व डॉक्टर. फिने गेल पक्षाचे माजी नेते आणि दोन वेळा टीशॉक, म्हणजे पंतप्रधान (१४ जून २०१७ – २७ जून २०२० आणि १७ डिसेंबर २०२२ – ९ एप्रिल २०२४). डब्लिनच्या पश्चिमेकडील उपनगरांतून ते आधी फिंगल काउंटी कौन्सिलवर आणि नंतर डॉल या आयरिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात गेले. मंत्रिपदावर असताना आपण समलिंगी असल्याचे जाहीर करणारे ते आयर्लंडमधील पहिले राजकारणी होत.

त्यांचा जन्म डब्लिन येथे झाला. वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे मुंबईचे. घराणे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, आडनावही गावावरूनच आलेले. १९६०च्या दशकात अशोक वराडकर इंग्लंडला गेले. आई मिरियम या आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातील डनगार्व्हनच्या, व्यवसायाने परिचारिका. दोघांची ओळख १९७०च्या सुमारास इंग्लंडमधील स्लाउ येथे झाली. काही काळ भारतात राहून हे कुटुंब १९७३च्या आसपास डब्लिनमध्ये स्थायिक झाले. तीन भावंडांत लिओ धाकटे. वडिलांकडील नात्यातील काहींनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगल्याचे कुटुंबीय सांगतात. २९ डिसेंबर २०१९ रोजी, पंतप्रधानपदावर असताना, लिओ खासगी दौऱ्यावर आईवडील, नातलग आणि जोडीदार डॉ. मॅथ्यू बॅरेट यांच्यासह वराडला येऊन गेले. एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्या गावात एकत्र आल्या, याचे अप्रूप त्यांनी तेव्हा बोलून दाखवले. पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान आंतोनिओ कोश्ता यांचे पितृकुल मडगावचे. म्हणजे २०१७ ते २०२० या काळात युरोपीय संघाच्या शिखर बैठकीत कोकण किनाऱ्याशी नाते सांगणारे दोन सरकारप्रमुख बसत असत. या योगायोगाकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पामर्सटाउन येथील किंग्ज हॉस्पिटल या शाळेत (नाव रुग्णालयाचे असले तरी ती शाळाच आहे) शिक्षण झाल्यावर त्यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. प्रथम कायदा आणि लवकरच तो सोडून वैद्यक, असा तेथील क्रम होता. २००३ मध्ये ते पदवीधर झाले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांची इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. तथापि प्रशिक्षणाचा काही काळ त्यांनी तेथे घालवला, एवढेच विधान करणे अधिक सुरक्षित. पुढे डब्लिनच्या सेंट जेम्स व कॉनोली या रुग्णालयांत कनिष्ठ डॉक्टर म्हणून त्यांनी काम केले. जनरल प्रॅक्टिशनरची पात्रता २०१० मध्ये, म्हणजे संसदेत गेल्यानंतर, मिळवली.

स्थानिक राजकारणातील त्यांची पहिली निवडणूक १९९९ची. मलहडर्ट प्रभागातून वयाच्या विसाव्या वर्षी, वैद्यकीय शिक्षण चालू असताना, ते उभे राहिले आणि पडले. २००३ मध्ये सिनेटर (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य) शीला टेरी यांच्या जागी त्यांना फिंगल कौन्सिलवर स्वीकृत करून घेण्यात आले. ‘स्वीकृत’ या शब्दाने आपल्याकडे नगरपालिकांतील नामनिर्देशित सदस्य डोळ्यांसमोर येतात. आयर्लंडमधील पद्धत निराळी आहे. तेथे कौन्सिलची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होत नाही. ज्या पक्षाची जागा रिकामी झाली त्याच पक्षाने सुचवलेल्या व्यक्तीला कौन्सिल घेते आणि तिला निवडून आलेल्या सदस्यांइतकेच अधिकार असतात. तरुण कार्यकर्त्याला मतदारांसमोर न जाता वर्षभर नगरसेवक म्हणून वावरण्याची संधी यातून मिळते. वराडकर यांनी तिचा उपयोग करून घेतला. २००४च्या निवडणुकीत कॅसलनॉक प्रभागातून त्यांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मते पडली आणि पहिल्याच फेरीत ते निवडून आले. त्या वर्षी देशभरातील कोणत्याही कौन्सिल उमेदवाराला मिळालेली पहिल्या पसंतीची ही सर्वाधिक मते होत.

या आकड्याचे महत्त्व कळण्यासाठी तेथील मतदानपद्धती ध्यानात घ्यावी लागते. आयर्लंडमध्ये कौन्सिल आणि डॉल या दोन्हींसाठी एकल संक्रमणीय मतपद्धती आहे. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहितो, एका मतदारसंघातून अनेक जण निवडून येतात आणि ठरावीक कोटा पार केलेल्याची जादा मते पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे वळतात. (भारतात राज्यसभेच्या निवडणुकीत हीच पद्धत आमदार वापरतात, तेथे ती सर्वसामान्य मतदाराच्या हाती आहे.) अशा पद्धतीत एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांशीही झगडत असतात. त्यामुळे दारोदार फिरणे, रस्त्यातल्या खड्ड्यापासून घराच्या वाढीव बांधकामाच्या परवानगीपर्यंत कामे करून देणे, यावरच पहिली पसंती ठरते. एकाच व्यक्तीकडे फार मते गोळा झाली तर ती उरलेल्या सहकाऱ्यांना कितपत पोचतील याची पक्षाला धास्ती असते. पण त्या व्यक्तीची पक्षातली पत मात्र वाढते. काउंटी कौन्सिलचे अधिकार मुळात तुटपुंजे आहेत. शिक्षण व पोलीस ही खाती तिच्याकडे नाहीत आणि कारभाराची बरीचशी सूत्रे नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती असतात. तरीही सिनेटच्या साठपैकी त्रेचाळीस जागांच्या मतदारमंडळात कौन्सिल सदस्यांचाच भरणा असतो. पक्षनेते त्यांना सांभाळून असतात ते यामुळे. फिंगल ही काउंटीही जुनी नव्हे; जुन्या डब्लिन परगण्याचे तीन तुकडे करून १ जानेवारी १९९४ रोजी ती अस्तित्वात आली.

२००७च्या सार्वत्रिक निवडणुकीत डब्लिन वेस्ट या तेव्हाच्या तीन जागांच्या मतदारसंघातून ते डॉलवर गेले. ब्रायन लेनिहन (फिआना फॉल) व जोन बर्टन (लेबर) हे अन्य दोघे. समाजवादी जो हिगिन्स यांची जागा त्या वेळी गेली. विरोधी बाकांवरील वराडकर हे आर्थिक बाबतीत उजवे आणि जिभेने तिखट म्हणून ओळखले जात. बेरोजगार परदेशी कामगारांना पैसे देऊन मायदेशी परतण्याचा पर्याय द्यावा, ही त्यांची २००८ मधील सूचना स्थलांतरिताच्याच मुलाने केलेली म्हणून गाजली. २०१० मध्ये पंतप्रधान ब्रायन काउएन यांच्यावर टीका करताना त्यांनी त्यांची तुलना गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्याशी केली. फिट्झजेराल्ड हे वराडकरांच्याच पक्षाचे वंदनीय माजी नेते. त्यामुळे घाव काउएन यांच्यापेक्षा स्वपक्षीयांच्याच जिव्हारी लागला. त्याच वर्षी जूनमध्ये पक्षनेते एन्डा केनी यांना हटवण्याच्या प्रयत्नात ते रिचर्ड ब्रुटन यांच्या बाजूला होते. बंड फसले. केनींनी त्यांना दूर न सारता दुसऱ्या खात्याचे प्रवक्तेपद दिले.

९ मार्च २०११ रोजी फिने गेल व लेबर यांच्या आघाडी सरकारात ते वाहतूक, पर्यटन व क्रीडामंत्री झाले. जगभरच्या आयरिश वंशजांना मायदेशी बोलावणारा २०१३चा ‘द गॅदरिंग’ हा उपक्रम याच काळातला. वाहतूक दंडाचे गुण परस्पर रद्द केले जात असल्याचे उघड करणाऱ्या पोलिसांच्या बाबतीत पोलीसप्रमुखांनी किळसवाणा असा शब्द वापरला होता. वराडकर यांनी मार्च २०१४ मध्ये त्याच पोलिसांचा जाहीर गौरव केला आणि काही दिवसांतच पोलीसप्रमुखांना पद सोडावे लागले. जुलै २०१४ ते मे २०१६ या काळात ते आरोग्यमंत्री होते. सहा वर्षांखालील मुलांना जनरल प्रॅक्टिशनरकडे मोफत तपासणी १ जुलै २०१५ पासून सुरू झाली. सार्वत्रिक आरोग्यविम्याची योजना मात्र बाजूला पडली.

समलिंगी पुरुषांतील संबंध आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत गुन्हा होते. हा कायदा ब्रिटिश राजवटीतला, १८६१ व १८८५ च्या अधिनियमांतून आलेला, म्हणजे भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७चा भाऊबंदच. ट्रिनिटीतील अध्यापक डेव्हिड नॉरिस यांनी त्याला आव्हान दिले. आयरिश सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते फेटाळले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८८ मध्ये नॉरिस यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतरही कायदा बदलायला पाच वर्षे गेली. समलिंगी असल्याचे सांगून वावरणारे पहिले डॉल सदस्य डॉमिनिक हॅनिगन व जॉन लायन्स हे लेबर पक्षाचे. दोघेही २०११ मध्ये निवडून आले. फिने गेलमध्ये जेरी बटिमर यांनी २०१२ मध्ये ते जाहीर केले. वराडकर हे म्हणजे पहिले मंत्री होत, पहिले लोकप्रतिनिधी नव्हेत. वर्तमानपत्री लिखाणात हा फरक पुष्कळदा पुसला जातो.

१८ जानेवारी २०१५ हा त्यांचा छत्तिसावा वाढदिवस रविवारी आला होता. आर. टी. ई. रेडिओवर मिरियम ओ’कॅलहन यांच्याशी गप्पा मारताना त्यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगितले. ही गोष्ट गुपित नव्हती, पण सर्वांना ठाऊक असेलच असेही नाही, असा त्यांचा सूर होता. अर्धा भारतीय किंवा डॉक्टर म्हणून आपण राजकारण करीत नाही, तसेच समलिंगी म्हणूनही करीत नाही, असे ते म्हणाले. त्या क्षणी बोलण्यामागे पदाचा संबंध होता. रक्तदान, सरोगसी यांसारखे विषय त्यांच्याच मंत्रालयाच्या टेबलावर होते आणि लगेचच मेमध्ये समलिंगी विवाहावर सार्वमत होते. निर्णयांमागे छुपा हेतू आहे असे कोणी म्हणू नये, हे त्यांना स्पष्ट करायचे होते. प्रत्यक्षात समलिंगी पुरुषांच्या रक्तदानावरील आजीवन बंदी उठली ती त्यांच्यानंतरच्या आरोग्यमंत्र्यांच्या काळात, जानेवारी २०१७ पासून. २२ मे २०१५च्या सार्वमतात ६२.०७ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. वराडकर या प्रचारात आघाडीवर होते. मात्र २०१० मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहाखालोखाल कायदेशीर मान्यता देणाऱ्या नागरी सहजीवन विधेयकावर डॉलमध्ये बोलताना प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोन्ही मिळण्याचा हक्क आहे, असे त्यांनीच म्हटले होते, याची आठवण टीकाकारांनी करून दिली.

२०१६ मध्ये समाजकल्याण खाते त्यांच्याकडे आले. सरकारी भत्ते लाटणाऱ्यांविरुद्ध २०१७ मध्ये त्यांनी केलेली जाहिरात मोहीम गरिबांना चोर ठरवणारी म्हणून वादग्रस्त ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात केनींनी नेतेपद सोडले व वराडकर आणि सायमन कोव्हनी यांच्यात लढत झाली. पक्षाच्या निवडमंडळात संसदीय पक्षाच्या मतांना ६५ टक्के, सर्वसाधारण सदस्यांना २५ टक्के आणि कौन्सिल सदस्यांना १० टक्के भार होता. संसदीय पक्षातील ७३ पैकी ५१ मते वराडकरांना पडली, कौन्सिल सदस्यांत १२३ विरुद्ध १०० अशी आघाडी मिळाली. परंतु सर्वसाधारण सदस्यांत कोव्हनींना ७,०५१ आणि वराडकरांना ३,७७२ मते होती. भार लावून बेरीज केली की वराडकरांच्या पारड्यात सुमारे ६० टक्के पडतात. डोकी मोजली तर मात्र कोव्हनी बऱ्याच मतांनी पुढे होते. २ जून २०१७ रोजी निकाल लागला. या आकड्यांवरून फिने गेलचे सामान्य सदस्य समलिंगी वा परकीय वंशाचा नेता स्वीकारायला तयार नव्हते, असा अर्थ काहींनी काढला. त्याला पुरेसा आधार नाही. कोव्हनी हे कॉर्कचे, तेथे व ग्रामीण भागात पक्षाची सदस्यसंख्या मोठी, आणि वराडकर अधिक उजवे मानले जात. प्रादेशिक व वैचारिक कारणे येथे जास्त पटतात. १४ जून रोजी डॉलने ५७ विरुद्ध ५० मतांनी त्यांची टीशॉकपदी निवड केली. बाहेरून पाठिंबा देणारा फिआना फॉल पक्ष तटस्थ राहिला.

या निवडीला लागलेल्या ‘पहिल्या’ विशेषणांची छाननी आवश्यक आहे. अडतिसाव्या वर्षी ते तोवरचे सर्वांत तरुण टीशॉक ठरले, यात वाद नाही. हा मान २०२४ मध्ये सदतीस वर्षांच्या सायमन हॅरिस यांच्याकडे गेला. ‘पहिले मिश्रवंशीय’ हे विशेषण सैल आहे. १९३७ मध्ये हे पद निर्माण झाले तेव्हा त्यावर आलेले एमन डी व्हॅलेरा हे न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले, आणि त्यांचे वडील स्पॅनिश किंवा क्यूबन असल्याचे मानले जाते. म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘दक्षिण आशियाई वंशाचे पहिले’ एवढेच म्हणणे पसंत केले आहे. भारतीय वंशाचे पहिले डॉल सदस्यही ते नव्हेत. तो मान दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले डॉ. मूसाजी भामजी यांचा (१९९२). समलिंगी सरकारप्रमुखांच्या यादीत वराडकरांचा क्रम बहुधा चौथा दिला जातो : आइसलंडच्या योहाना सिगुर्डार्डोटिर (२००९), बेल्जियमचे एलिओ दि रुपो (२०११), लक्झेंबर्गचे झेव्हिएर बेटेल (२०१३) आणि मग ते. काही याद्या नॉर्वेचे पेर-क्रिस्तियान फॉस यांना आधी घालतात. ते २००२ मध्ये पंतप्रधान परदेशी असताना अल्पकाळ कार्यवाहक होते. कार्यवाहक धरायचे नाहीत हा संकेत पाळला तर चौथा क्रमच योग्य. वराडकर निवडले गेले त्या जूनमध्ये त्यांच्या वडिलांच्या देशात कलम ३७७ लागूच होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरवले.

पंतप्रधान म्हणून पहिल्या कालखंडाचा मोठा भाग ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याने, व्यापला. ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यामध्ये बेटावर पुन्हा सीमाचौक्या येऊ नयेत, हे त्यांच्या सरकारचे सूत्र होते. वाटाघाटी अडल्या असताना १० ऑक्टोबर २०१९ रोजी लिव्हरपूलजवळच्या थॉर्नटन मॅनर या लग्नसमारंभांसाठी भाड्याने मिळणाऱ्या वाड्यात ते आणि ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन भेटले, बागेत फिरत बोलले, आणि आठवड्यात करार झाला. त्यानुसार तपासणी जमिनीवरील सीमेऐवजी आयरिश समुद्रावर गेली. २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतांनी गर्भपातावरील घटनात्मक बंदी उठली. या प्रश्नाला धार आली होती ती मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांच्या २०१२ मधील गॉलवे येथील मृत्यूमुळे. गर्भ वाचणार नसल्याचे दिसत असूनही त्यांना गर्भपात नाकारण्यात आला होता. १९ जून २०१८ रोजी, समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळल्याला पंचवीस वर्षे होत असताना, शिक्षा झालेल्यांची वराडकर यांनी डॉलमध्ये राज्याच्या वतीने माफी मागितली. त्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांचे डब्लिन कॅसलमध्ये स्वागत करताना चर्चच्या संस्थांतील अत्याचारांचा उल्लेख त्यांनी पोपसमोरच केला. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांच्या निवासस्थानी न्याहारीला ते बॅरेट यांना बरोबर घेऊन गेले. पेन्स समलिंगी विवाहाचे विरोधक. आपल्या जन्मकाळी आपण जसे आहोत तसे जगणे हा गुन्हा ठरला असता, आज लोक आपल्याला राजकीय कामावरून तोलतात, अशा आशयाचे भाषण त्यांनी तेथे केले.

आयर्लंडमधील सामाजिक बदलाचे श्रेय त्यांना किती द्यावे, यावर दोन मते आढळतात. एक त्यांना त्या बदलाचा कर्ता मानते. दुसऱ्या मतानुसार विवाहाचा प्रश्न २०१३ मध्ये घटना परिषदेने आणि गर्भपाताचा नंतर नागरिक सभेने (सामान्य नागरिकांचा समावेश असलेली ही सल्लागार मंडळे) पुढे आणला, लेबर पक्ष व चळवळी त्याआधीपासून झटत होत्या, आणि वराडकर तयार झालेल्या वाटेने वर आले. त्यांची आधीची विधाने पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. घरांची टंचाई आणि वाढती भाडी हा सामान्य मतदाराच्या रोषाचा विषय होता. ८ फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत फिने गेल २०.९ टक्के मतांसह तिसऱ्या क्रमांकावर गेला. डब्लिन वेस्टमध्ये शिन फेनच्या उमेदवाराने पदावरील पंतप्रधानाला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. वराडकर पाचव्या फेरीत निवडून आले.

नवे सरकार जमेपर्यंत ते काळजीवाहू राहिले आणि कोविडची पहिली लाट याच काळात आली. शाळा बंद करण्याची घोषणा त्यांनी १२ मार्च रोजी वॉशिंग्टनमधून केली. डॉक्टरांच्या नोंदवहीत पुन्हा नाव घालून आठवड्यातून एक पाळी ते आरोग्यसेवेत काम करू लागले. २७ जून २०२० रोजी फिआना फॉल, फिने गेल व ग्रीन पक्ष यांची आघाडी झाली. पंतप्रधानपद आलटून पालटून घेण्याच्या अटीवर वराडकर उपपंतप्रधान व उद्योगमंत्री झाले. १९२२-२३च्या आयरिश यादवी युद्धातील दोन विरोधी बाजूंतून निघालेले फिआना फॉल व फिने गेल हे पक्ष प्रथमच एका मंत्रिमंडळात बसले. डॉक्टरांच्या कराराचा गोपनीय मसुदा २०१९ मध्ये एका डॉक्टर मित्राकडे दिल्याचे प्रकरण २०२० मध्ये बाहेर आले. पोलीस चौकशीनंतर जुलै २०२२ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला.

दुसरा कालखंड सोळा महिन्यांहून कमी भरला. ८ मार्च २०२४ रोजी कुटुंबाची व्याख्या आणि घरात काळजी घेणाऱ्यांची भूमिका यांविषयीच्या दोन घटनादुरुस्त्या मतदारांनी अनुक्रमे ६७.७ आणि ७३.९ टक्के मतांनी फेटाळल्या. २० मार्च रोजी वराडकर यांनी राजीनामा जाहीर केला. कारणे वैयक्तिक आणि राजकीय असली तरी मुख्यतः राजकीय आहेत, असे ते म्हणाले. ९ एप्रिल रोजी सायमन हॅरिस यांनी सूत्रे घेतली. नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक वराडकर यांनी लढवली नाही आणि सतरा वर्षांनंतर डब्लिन वेस्टची जागा सोडली.